केरबा मामाचा फोटो

“म्हणजे चूक लेन्सचीच ना, अक्का?”

इंदूअक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“जुनी रशियन लेन्स आहे. तिचा स्वभावच तसा. मागचं सगळं गरगर फिरवून टाकते. त्याला मी काय करणार?”

कट्‌कन एक शेंग फुटली. दाणे सुपात पडले, टरफल खाली.

“अक्का…”

“ऐकतीय की. बोल तू.”

पण बोलायचं म्हटल्यावर अवधूतच्या तोंडून शब्द निघेना. एरवी हा गडी कॅमेऱ्यावर बोलायला लागला की समोरच्याला जेवणाची आठवण व्हायची नाही. अवधूत नलवडे म्हणजे गडहिंग्लज पंचक्रोशीतला लग्नाच्या फोटोंचा राजा. निदान त्याच्या स्वतःच्या मते. आणि लोकांनीही त्याला तसं म्हणून म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं, हेही खरं.

त्याचं वेड एकच. कॅमेरा नवा, डिजिटल, झ्याक. पण त्याच्या तोंडाला लेन्स मात्र जुनी, हातानं फिरवायची. बेळगावच्या जुन्या बाजारातून, कुणाच्या आजोबांच्या कपाटातून, जिथं मिळेल तिथून तो असल्या लेन्सा गोळा करायचा. नव्या एका लेन्सच्या किमतीत असल्या टोपलीभर येतात. मध्ये एक अ‍ॅडॉप्टरची रिंग बसवली की काम झालं. नवा कॅमेरा आधी कुरकुर करतो, लेन्सच लावलेली नाही म्हणून सांगतो. मग एक सेटिंग बदलायचं, की मुकाट्यानं चालायला लागतो.

आणि फोटो काय यायचे! नवरीच्या पापणीचा केस न्‌ केस मोजून घ्यावा, आणि मागचा मांडव, माळा, माणसं सगळी विरघळून गोल गोल फिरणाऱ्या रंगांत गेलेली. लोक वेडे व्हायचे. फोटोच्या कोपऱ्यात अवधूत आपलं नाव घालायचा, आणि नावाखाली लेन्सचंही.

असा हा राजा आज अक्कांच्या परसात पाटावर बसून नखं खात होता.

अक्कांकडे तो तसा उशिराच आला होता, म्हणजे बऱ्याच वर्षांनी. कॉलेजात असताना कॅमेरा हातात कसा धरायचा ते अक्कांनीच त्याला शिकवलं. त्या काळी त्यांचा स्टुडिओ जोरात होता. घरंदाज बायका पुरुष फोटोग्राफरपुढं बसायला तयार नसत, त्या अक्कांकडे येत. सासू डोक्यावरचा पदर सावरत यायची, सून तिच्या मागून, आणि अक्का दोघींना हसवून बसवायच्या. आता स्टुडिओला कुलूप होतं. अवधूतचं नाव झाल्यावर त्याचं इकडचं येणं आपोआप कमी झालं होतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

“कस्तुरीचं लग्न तुम्हाला आठवतंय का?” त्यानं अखेर सुरुवात केली.

“आमच्या गल्लीतली कस्तुरी? आठवतंय की. जेवून आलोय.”

“तिचा केरबा मामा गेला.”

“ठाऊक हाय. शेतात पाणी पाजताना गेला. लगीन होऊन दोन महिनं बी झालं नव्हतं.” अक्कांचे हात थांबले. “बापामागं त्यानंच वाढवली पोरगीला. लई गुणाचा माणूस.”

“त्याचा फोटो नाही, अक्का.”

“कुणाकडं न्हाई?”

“कुणाकडंच नाही. बाराव्याला मतदान कार्डावरचा मोठा करून लावला होता. त्यात मामा घाबरल्यासारखा दिसतो, ओळखूसुद्धा येत नाही. मामी त्याच्याकडं बघतच नाही. म्हणून कस्तुरी माझ्याकडं आली. म्हणाली, लग्नातला दे.”

“मग दे की.”

अवधूतनं पुन्हा नख तोंडात घातलं.

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. आपल्याकडं मंगलाष्टकं लागायच्या आधी भटजी ओरडतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या! मग मामा भाचीला हाताला धरून आणतो, अंतरपाटापुढं उभी करतो आणि स्वतः तिच्या पाठीशी उभा राहतो. अक्षता पडेपर्यंत हलत नाही. तिला बाप नसला तर त्या उभं राहण्याला आणखीच वजन येतं. केरबा मामा तसाच उभा होता. भाचीच्या पाठीमागं, हातभर अंतरावर.

आणि अवधूतनं फोटो काढले होते. एकदोन नव्हे, ढीगभर. सगळ्यांत नवरी लखलखीत. आणि तिच्या खांद्यामागं फेट्याचा भगवा रंग, कपाळाच्या जागी एक तपकिरी डाग, आणि तो डागही गोल फिरलेला.

“दाव बघू,” अक्का म्हणाल्या.

त्यानं लॅपटॉप उघडून मांडीवरून पुढं केला. अक्कांनी चष्मा पुसला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, चारपाच पाहिले.

“पोरगी झ्याक आलीय.”

“हो.”

“केरबा कुठाय?”

अवधूतनं त्या डागावर बोट ठेवलं. ठेवताना त्याला इतकी शरम वाटली की बोट लगेच मागं घेतलं.

“बाकीच्यांच्या मोबाइलात?”

“फेटा दिसतो, कान दिसतो, गर्दीच होती तेवढी. अक्षता पडल्या आणि मामा गेला पंगतीत वाढायला. ग्रुप फोटोला हाका मारल्या, तर म्हणाला, आधी पाव्हण्यांचं जेवण होऊ दे. व्हिडिओ माझाच, तोही ह्याच लेन्सवर…”

“हं.”

“मग मी एक केलं.” अवधूतनं आवाज खाली आणला. “कॉम्प्युटरवर हल्ली सोय आहे. अंधूक चेहरा दिला की तो स्पष्ट करून देतो. मी दिला. त्यानं करून दिला. चांगला मिशीवाला, रुबाबदार. मी कस्तुरीला नेऊन दाखवला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, दादा, हे कोण?”

परसात कुणाची तरी कोंबडी कुडावरून उडी मारून आली, इकडंतिकडं पाहून टरफलं उकरायला लागली. अक्कांनी हात हलवून तिला हाकललं.

“आणि मग म्हणाली…” अवधूत कोंबडीमागं बघत राहिला. “म्हणाली, दादा, तू तर समोरच उभा होतास की रे. तुला मामा दिसला नाही?”

त्या प्रश्नापासून त्याचं जेवण गोड लागत नव्हतं. उद्या कस्तुरी मामीला घेऊन येणार होती. आहेत ते सगळे फोटो मामीला बघू दे म्हणाली होती. त्या बाईपुढं लॅपटॉप उघडून तो डाग दाखवायचा, हे त्याच्यानं होणार नव्हतं. म्हणून तो इथं आला होता. अक्कांनी एकदा म्हणावं, की बाबा, असल्या जुन्या लेन्सचं असंच असतं, तुझा इलाज नव्हता. अक्का म्हणाल्या असं सांगितलं की गल्लीत कुणी पुढं बोलणार नव्हतं.

“दे ती लेन्स इकडं.”

त्यानं बॅगेतून कॅमेरा काढला. लेन्स त्याच्या तोंडालाच होती. अक्कांनी ती हातात फिरवून पाहिली आणि हसल्या.

“असली हुती माझ्याकडं. आमच्या वक्ताला हिला जुनी म्हणत नव्हते रं. लेन्स म्हणत हुते.”

मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. लेन्सच्या पुढच्या कडेला, भोक लहानमोठं करायची जी रिंग असते, तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. चांगली दोन वेढे देऊन.

“हे काय?”

“ती रिंग सैल आहे. लग्नाच्या धांदलीत हलते. म्हणून पूर्ण उघडी ठेवून चिकटवून टाकली.”

“कायमची?”

“मी नेहमी पूर्ण उघडीच वापरतो, अक्का. सगळी मजा त्यातच आहे.”

अक्कांनी चिकटपट्टीच्या टोकाला नख लावलं. पट्टी हट्टी होती. त्यांनी घाई केली नाही. एक वेढा सुटला, मग दुसरा. पट्टीची गोळी करून त्यांनी टरफलांत टाकली आणि रिंग फिरवली. टक, टक, टक. आतली पाती मिटत आली, भोक हरभऱ्याएवढं राहिलं.

कॅमेरा त्यांनी अवधूतच्या हातात ठेवला आणि नुसती हनुवटीनं खूण केली, बघ.

त्यानं पाहिलं. पुढं सूप होतं. सुपामागं दोडक्याचा वेल, वेलामागं कूड, कुडामागं शेजारणीची वाळत घातलेली लुगडी. सगळं जिथल्या तिथं, स्वच्छ दिसत होतं. लुगड्याच्या काठावरची नक्षीसुद्धा दिसत होती.

लेन्स तीच होती.

अवधूतला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. भोक बारीक केलं की मागचं पुढचं सगळं दिसतं, ही या विद्येतली बाराखडी. आठवड्यातून एकदा तो स्वतः पोराटोरांना मोबाइलवरून हेच शिकवायचा. कळत होतं, वळत नव्हतं. टाळ्या पडत होत्या त्या मागच्या गरगर रंगांना, आणि टाळ्यांपुढं बाराखडी कोण आठवतो?

त्यानं कॅमेरा खाली ठेवला.

“म्हणजे चूक माझीच.”

अक्का पुन्हा शेंगांकडं वळल्या.

“मी नालायक आहे, अक्का. सरळ सांगा की तोंडावर.”

“तुला शिव्या दिल्या म्हणून केरबा दिसायचा हाय का?”

“नाही…”

“मग कशाला माझं तोंड शिणवतोस?”

अवधूतनं उगीच दोनचार शेंगा उचलून फोडल्या. त्याला उठून जावंसं वाटत होतं आणि जाववतही नव्हतं.

“हे दाखवलेस ते तुझे बरे आलेले फोटो न्हवं?” अक्कांनी विचारलं.

“निवडलेले.”

“चुकलेले कुठं हायत?”

“चुकलेले नसतात माझ्याकडं.”

हे वाक्य त्याच्या तोंडून सवयीनं गेलं. मोबाइलवर तो नेहमी हेच सांगायचा, मी चुकलेला फोटो ठेवत नाही म्हणून. ऐकणाऱ्यांना ते फार आवडायचं.

अक्कांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

“हातानं फोकस करतोस?”

“हो.”

“भोक सताड उघडं ठेवून?”

“हो.”

“नवरी हलत हुती?”

“हलणारच की. मंगलाष्टकं चालू होती. लोक अक्षता मारत होते.”

“आणि तुझा फोकस चुकत न्हाई. वा! मी सगळी हयात चुकण्यात घालवली. पाया पडू काय तुझ्या?”

अवधूतचे कान गरम झाले. खोटं बोलून पचतं कुठं, आणि कुठं पचत नाही, एवढी अक्कल त्याला होती.

“एक फोल्डर आहे,” तो पुटपुटला. “टाकाऊ. काढून टाकायचं राहिलंय.”

“उघड.”

“त्यात काही नाही, अक्का. सगळा कचरा आहे.”

“उघड म्हणते न्हवं.”

त्यानं उघडला. आणि राजाच्या अंगावरची वस्त्रं एकेक करून उतरायला लागली. कुणाचं कोपर मध्येच आलेलं. भटजींचं अर्धं तोंड. नवरी सगळीच हललेली. नवरी अंधूक आणि तिच्या हातातला हार स्वच्छ. करवलीचा एकटा डोळा. निवडलेल्या फोटोंच्या कितीतरी पट हा ढीग होता, आणि तो आजवर त्यानं कुणाला दाखवला नव्हता. बायकोलासुद्धा नाही. अक्का एकेक फोटो सावकाश पाहत होत्या. हसल्या नाहीत की चुकचुकल्या नाहीत.

“म्होरं… म्होरं… थांब.”

अवधूतचा हात थांबला.

हा फोटो त्यानं त्या दिवशी काढल्या काढल्या कॅमेऱ्यावर पाहिला होता आणि दातओठ खाल्ले होते. झालं असं होतं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर, जे फोकसमध्ये येतं त्याच्या कडेला, लाल रेघा उमटतात. तो नवरीच्या पापणीवर लाल रेघ आणत होता. मागून कुणाचा तरी धक्का लागला, लेन्स बोटभर जास्त फिरली आणि बटण दाबलं गेलं. लाल रेघ पापणीवरून सरकून मागं जाऊन बसली होती. पडद्यावर त्याला नवरी अंधूक दिसली तेवढंच त्यानं पाहिलं. फोटो टाकाऊ ठरला, आणि त्या फोटोत आणखी कोण आहे हे बघायची त्याला गरज वाटली नव्हती.

आज तो पाहत होता.

पुढं कस्तुरी. तिची नुसती पिवळीहिरवी झाक उरली होती, मुंडावळ्यांच्या मोत्यांचे उजेडाचे गोल झालेले. नाक नाही, डोळे नाहीत. आणि तिच्या खांद्यामागं केरबा मामा. खराखुरा. फेटा जरासा डाव्या कानावर घसरलेला. मिशीत अक्षतांचे दोन दाणे अडकलेले. जबडा घट्ट आवळून धरलेला, हनुवटीवर सुरकुत्या पडलेल्या. आणि डोळे पाण्यानं काठोकाठ भरलेले. पापणी लवली असती तर खाली ओघळले असते. पण मामानं पापणी लवू दिली नव्हती.

अवधूतनं तोंडावर हात घेतला. मामा जिवंत असता तरी इतका जिवंत त्याला कधी दिसला नसता, कारण त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

“हा… हा होता माझ्याकडं,” तो म्हणाला. “सहा महिने होता. मी उडवणार होतो, अक्का. एक बटण दाबलं असतं तर…”

“दाबलं न्हाईस न्हवं? मग झालं.”

“मामी बघेल आता. मामीला दाखवता येईल.” त्याचे डोळे ओले झाले होते आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. “कस्तुरीला सांगतो, हा बघ तुझा मामा.”

अक्कांनी मान डोलावली.

पण माणसाचा स्वभाव काही एका दुपारीत जात नाही. जरा वेळानं अवधूत फोटोकडं वाकडी मान करून पाहायला लागला. धंदेवाल्याचा डोळा जागा झाला.

“एकच घोळ आहे,” तो म्हणाला. “नवरी पार आउट आहे.”

अक्कांनी एक शेंग फोडली.

“म्हणजे, लग्नाचा फोटो आणि नवरीला तोंडच नाही. हा त्यांच्या भिंतीवर लागणार, येणारेजाणारे बघणार. विचारणार, कुणी काढला? अवधूतनं. म्हणतील, ह्याला साधा फोकस जमत नाही.”

“नाव घालू नगंस.”

“नाव नाही घातलं तरी गावाला कळतंच की. आणि कस्तुरीला तरी बरं वाटेल का? स्वतःच्या लग्नात आपण असं धुकं होऊन…” त्यानं मान हलवली. “नाही नाही. त्यापेक्षा सोपं आहे. हे पुढचं सगळं कापून टाकतो. नुसता मामा ठेवतो. फेट्यापासून छातीपर्यंत. फ्रेमलाही चांगला बसेल.”

आणि त्यानं लगेच कापायची चौकट आणली. चौकटीची कड कस्तुरीच्या त्या पिवळ्याहिरव्या झाकेवरून सरकवत तो मामाच्या खांद्यापर्यंत आला. खरंच, नुसता मामा उरला. नीटनेटका, एकटा. आता एकदा होय म्हटलं की काम झालं.

तेवढ्यात शेंगांच्या मातीनं भरलेला अक्कांचा हात त्याच्या मनगटावर येऊन थांबला.

“का, अक्का?”

अक्कांनी चष्मा काढला. पदराला पुसला. पुन्हा घातला, आणि पडद्याजवळ वाकून केरबाकडं बघत राहिल्या.

“पण ती नीट दिसत नाही हो, अक्का. कुणालाच दिसणार नाही नीट…”

“राहू दे तिला तशीच,” अक्का म्हणाल्या. “त्या घडीला केरबाला तरी ती कुठं नीट दिसत हुती?”